ज्येष्ठ भागीदार अचानक गेले, त्यानंतर ऑफिसात काय काय करावं लागलं

२०२५ च्या मे अखेरीस आमच्या वकिलीच्या ऑफिसचे ज्येष्ठ भागीदार झोपेतच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. सांगलीच्या कोर्टात लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणत. आजारपण नव्हतं, त्यामुळे कसलीच निरवानिरव झालेली नव्हती. तिघा भागीदारांची फर्म, दोन ज्युनिअर, एक जुने कारकून आणि भिंतभर फायली. त्यात दिवाणी कोर्टांची उन्हाळी सुट्टी संपायला थोडेच दिवस उरलेले. असा प्रसंग कुठल्याही ऑफिसवर येऊ शकतो. पुढच्या माणसाला निदान कामाचा क्रम तरी कळावा म्हणून हे लिहितोय.

पहिल्या दिवशी ऑफिसच्या दृष्टीने तीनच वस्तू महत्त्वाच्या असतात: डायरी, किल्ल्या आणि मोबाईल. बाकी सगळं थांबतं. अण्णांची डायरी कागदी होती, एका पानावर एक तारीख. डाव्या बाजूला कोर्ट आणि केस नंबर, मध्ये पक्षकाराचं आडनाव आणि गाव, उजवीकडे कामाचा टप्पा. मुदतीचं काम असेल तर शेजारी लाल शाईत शेवटची तारीख, आणि त्याच्या आठ दिवस आधीच्या पानावर पुन्हा तीच नोंद. हे दोनदा लिहिणं आम्हाला आधी जास्तीचं वाटायचं. ते गेल्यावर पुढच्या महिन्याभरात कुठे आग आहे, हे त्या लाल शाईवरूनच कळलं.

मोबाईलबद्दल घरच्यांना त्याच दिवशी हळू आवाजात एक सांगून ठेवावं: सिम बंद करू नका. ई-फायलिंगचं खातं, ईमेल, बँक, आयकर पोर्टल, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. नंबर बंद झाला तर पुढच्या प्रत्येक ठिकाणी नव्याने सिद्ध करत बसावं लागतं. सिम चालू ठेवायचं ते सूचना आणि निरोप कळावेत म्हणून. त्यांच्या लॉगिनमधून नवीन काही दाखल करायचं नाही. त्यांची डिजिटल सही असलेला टोकनही पाकिटात घालून सीलबंद करायचा. गेलेल्या माणसाच्या सहीने एक कागद जरी कोर्टात गेला, तरी निस्तरता निस्तरत नाही. ते नोटरी असतील तर शिक्का आणि रजिस्टरही त्याच दिवशी कुलपात.

मृत्यू घरी झाला असेल तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला लगेच घ्यावा आणि २१ दिवसांच्या आत महापालिकेत नोंद करावी. दाखल्याच्या प्रती सुरुवातीलाच जास्त काढाव्यात. बँक, विमा, बार कौन्सिल, फर्मचं रजिस्ट्रेशन, प्रत्येक टेबलावर एक ठेवावी लागते आणि काही ठिकाणी झेरॉक्स चालत नाही.

आता सुट्टीचा मुद्दा. मुदत कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कोर्ट बंद असताना मुदत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. सवलत चांगली आहे, पण त्यामुळे मे महिन्यात संपलेली सगळी मुदत जूनमधल्या त्या एकाच सकाळी गोळा होते. अपील, दावे, दावा पुन्हा फाइलवर घेण्याचे अर्ज, सगळं. शिवाय ही सवलत सगळीकडे लागू नाही. दंडाधिकारी कोर्टांचं काम सुट्टीतही चालू असतं, त्यामुळे चेक न वटल्याच्या फिर्यादी त्यात बसत नाहीत. आणि चेक परत आल्याची नोटीस तर कोर्टात द्यायचीच नसते, तिला सुट्टी कसली?

सांगलीत हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांमुळे चेकची कामं प्रत्येक ऑफिसात असतात, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहितो. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला. ते संपले की एक महिन्याच्या आत फिर्याद. यातला फिर्यादीचा उशीर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो, चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या) कलम १४२ मध्येच तशी तरतूद आहे. नोटिशीचा उशीर मात्र माफ होत नाही. म्हणून टेबलाच्या खणात, फायलीच्या खिशात, कारकुनांच्या पिशवीत बँकेचे परतीचे मेमो शोधायचे ते पहिल्याच दिवसांत. तीस दिवस उलटून गेलेला मेमो सापडलाच तर चेकची तारीख बघावी. तीन महिने झाले नसतील तर चेक पुन्हा बँकेत भरता येतो आणि पुन्हा परत आला की नव्याने तीस दिवस मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एमएसआर लेदर्सच्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. आमच्या यादीतलं एक काम याच वाटेने वाचलं.

डायरी कितीही चांगली असली तरी तिच्यावर थांबू नये. दुसऱ्या दिवसापासून ई-कोर्टच्या साइटवर वकिलाच्या नावाने शोध घ्यायचा. तिथे प्रत्येक कोर्ट संकुल वेगळं निवडावं लागतं: सांगली, इस्लामपूर म्हणजे आताचं ईश्वरपूर, तासगाव, विटा, जत, शिराळा. नाव इंग्रजीत टाकलेलं असतं आणि प्रत्येक क्लार्कने ते आपापल्या मनाने टाकलेलं असतं. कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे नावापुढे श्री. म्हणून आडनाव एकदा, पहिलं नाव एकदा, सनदेचा म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर एकदा, असं वेगवेगळं शोधायचं. आलेल्या प्रत्येक केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) एका एक्सेल शीटमध्ये उतरवून घ्यायचा. पुढची तारीख, टप्पा, आपण वादी की प्रतिवादी, वकीलपत्रावर कोणाकोणाची नावं, फाईल कुठल्या कपाटात, पक्षकाराचा फोन, एवढे रकाने पुरतात. जास्त रकाने केले की ते रिकामेच राहतात.

ई-कोर्टवर जे दिसत नाही त्याची भीती जास्त. तहसीलदार आणि प्रांतांकडची फेरफाराची कामं तिथे नसतात. कलेक्टरपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर जमीन महसूल संहितेखाली अपिलाला ६० दिवस असतात, आणि हे दिवस फक्त फायलीतल्या आदेशावरूनच मोजता येतात. ग्राहक आयोगाचं पोर्टल वेगळं, सहकार न्यायालय वेगळं. एखाद्या चालू दाव्यात मधूनच वकीलपत्र दिलेलं असेल तर कोर्टाच्या संगणकावर जुन्याच वकिलाचं नाव राहिलेलं असतं. अजून दाखलच न झालेलं काम तर कुठेच नसतं. नुसती पिशवीत कागदं आणि एक शब्द दिलेला असतो. त्यासाठी कारकुनांना शेजारी बसवून घ्यावं. आमच्या कारकूनकाकांना गाव सांगितलं की पक्षकार, त्याचा भाऊबंद आणि वादाचा गट नंबर आठवत होता. अशा माणसाला दुःखातून सावरायला घरी पाठवलं तर माहितीही त्याच्याबरोबर घरी जाते. काकांनी स्वतःच दुसऱ्या दिवशी येऊन कपाट उघडलं.

यादी झाली की लावायची कशी? तारखेप्रमाणे लावू नये, नुकसान भरून येतं की नाही यावरून लावावी. सगळ्यात वर तुरुंगातले पक्षकार. तपास ६० किंवा ९० दिवसांत पूर्ण झाला नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, पण त्यासाठी दोषारोपपत्र यायच्या आत अर्ज पडला पाहिजे. एक दिवस इकडे तिकडे झाला की हक्क गेला. त्याखाली ‘पुढील तारखेपर्यंत’ म्हणून दिलेल्या तूर्तातूर्त मनाया. त्या दिवशी मुदतवाढ मागितली नाही तर मनाई आपोआप संपते आणि समोरचा त्याच संध्याकाळी जेसीबी आणतो. मग अपिलं: जिल्हा कोर्टात ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस. मग कैफियती, म्हणजे दाव्याला प्रतिवादीची लेखी उत्तरं, ज्यांना ३० दिवस आणि फार तर ९० पर्यंत सवलत. व्यापारी स्वरूपाच्या दाव्यात १२० दिवसांनंतर कैफियत घेतलीच जात नाही. कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज) ९० दिवसांनी संपतं, ते नव्याने द्यावं लागतं.

एक गोष्ट हमखास सुटते. दाव्यातला एखादा पक्षकार वारला असेल तर ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतात, नाहीतर दावा त्याच्यापुरता ॲबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो. मग तो ॲबेटमेंट रद्द करायला आणखी ६० दिवस. ‘विरुद्ध बाजूचे म्हातारे वारले’ हा निरोप पक्षकार तोंडी देतो, वकील तो फायलीच्या पाठीवर टिपून ठेवतो. कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे तारखेवार नोंदीत, ते नसतं. म्हणून प्रत्येक चालू फायलीची पाठ आणि आतलं शेवटचं पान वाचावंच लागतं.

दरखास्तींकडेही, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जांकडेही, लक्ष हवं. मुदत कायद्याचं विलंब माफीचं कलम ५ अपिलांना आणि अर्जांना चालतं, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ खालच्या (अंमलबजावणीच्या) अर्जांना चालत नाही, आणि मूळ दाव्याला तर नाहीच. लिलाव रद्द करायचे साठ दिवस गेले की गेले.

कोर्ट उघडल्यावर बाररूममध्ये शोकसभा झाली. तिच्यासाठी बारकडून (वकील संघटनेकडून) माहिती मागतात: जन्मगाव, कॉलेज, सनदेचं वर्ष, कुठल्या प्रकारच्या कामात हातखंडा, घरी कोण कोण. ही टिपणी घरच्यांना दाखवूनच द्यावी. अण्णा कोल्हापूरच्या शहाजी लॉ कॉलेजचे. भाषणं बरीच झाली, पण खरं वाटलं ते एका बेलिफाने बाहेर व्हरांड्यात सांगितलेलं: जतहून एसटीने साक्षीदार आला असेल तर अण्णा त्या दिवशी मुदत मागत नसत, समोरचे वकील मागायला लागले तर उठून त्याच्या एसटीचं तिकीट कोर्टाला दाखवत. हे वाक्य कुणीतरी टिपणीत घालायला हवं होतं.

शोकसभा आहे म्हणून त्या दिवशीचं बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या कामांची यादी, आपोआप पुढे जाईल असं धरून चालू नये. उत्तराखंडातल्या वकिलांच्या कामबंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जो निकाल दिला, त्यात शोकासाठी काम थांबवण्याच्या प्रथेचाही उल्लेख आहे. एक ज्युनिअर सभेला आणि एक बोर्डावर, अशीच वाटणी करावी.

आता वकीलपत्राबद्दल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३ रूल ४ प्रमाणे पक्षकार किंवा वकील मरेपर्यंतच वकीलपत्र जिवंत असतं. वकील गेला त्या क्षणी ते संपतं. त्यामुळे ‘अण्णांच्या वतीने हजर’ असं म्हणून ज्युनिअरने उभं राहणं कायद्यात बसत नाही, कारण ज्याच्या वतीने उभं राहायचं तोच नाही. एरवी दुसऱ्या वकिलाकडे जाताना जुन्या वकिलाचं ना-हरकत लागतं, इथे ते मागायचा प्रश्नच येत नाही. पक्षकाराची सही असलेलं नवं वकीलपत्र, त्यावर कोर्ट फी आणि कल्याण निधीचा स्टॅम्प, बस्स. वकीलपत्रावर तिन्ही भागीदारांची नावं आणि सह्या होत्या ती कामं अडली नाहीत. अण्णांकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या जुन्या पक्षकारांनी मात्र ‘फक्त अण्णाच’ म्हणून एकाच नावाचं वकीलपत्र दिलेलं होतं, आणि सगळा त्रास तिथेच झाला.

पक्षकार येऊन सही करेपर्यंतच्या तारखांना काय? आम्ही प्रत्येक कोर्टात एक छोटी पुरसीस (लेखी निवेदन) दिली: अमुक तारखेला वकिलांचं निधन झालं, पक्षकाराला कळवलं आहे, दुसरे वकील नेमायला वेळ द्यावा. सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत. ही पुरसीस आपण कोर्टाचे अधिकारी म्हणून माहिती देण्यापुरती देतो, पक्षकाराच्या वतीने काही मागत नाही, हे तिच्या मजकुरात दिसलं पाहिजे. कोर्टाने बहुतेक ठिकाणी महिन्याभराची तारीख दिली. पण ऑर्डर १७ मध्ये वकिलाची अडचण हे तारीख पुढे ढकलायचं कारण तेव्हाच धरलं जातं, जेव्हा पक्षकाराला वेळेत दुसरा वकील करणं शक्य नव्हतं असं दिसतं. म्हणजे पहिल्या तारखेला सहानुभूती मिळते, दुसऱ्या तारखेला ‘अजून वकील का नाही?’ असा प्रश्न येतो. तिसऱ्या तारखेची वाट बघू नये. पुरसीस दिली की तिच्यावर काय शेरा झाला तो त्याच दिवशी रोजनाम्यात वाचून घ्यावा. एका तालुका कोर्टात पुरसीस फायलीला लागलीच नाही आणि दावा डिफॉल्टमध्ये गेला, म्हणजे गैरहजेरीमुळे काढून टाकला गेला. दावा पुन्हा फाइलवर घ्यायला ३० दिवस असतात, मृत्यूचा दाखला आणि पुरसिशीची पोच जोडल्यावर अर्ज मंजूर झाला. वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा पक्षकाराला नको, हे सांगायला १९८१ चा रफीक विरुद्ध मुन्शीलालचा निकाल अजूनही कामी येतो.

पक्षकारांना पत्रं पाठवताना शब्द जपून वापरावे लागतात. वकिलाने काम मागायचं नाही हा बार कौन्सिलचा नियम अशा वेळी विसरायला होतं. ‘आता तुमचं काम आम्ही बघू’ असं पत्र कधीच जाऊ नये. आमचा मजकूर साधारण असा होता: ‘आपले वकील यांचं अमुक तारखेला निधन झालं. आपली अमुक नंबरची फाईल आमच्या ऑफिसात सुरक्षित आहे. पुढील तारीख अमुक, अमुक कोर्ट. त्यापूर्वी आपण आपल्या पसंतीचे वकील नेमावेत. फाईल आणि मूळ कागद आपण ओळखपत्र दाखवून केव्हाही घेऊन जाऊ शकता.’ खाली ऑफिसची वेळ आणि फोन. मुदतीचं काम असेल त्या पत्रात मुदतीची तारीख ठळक. पत्र पोचदेय स्पीड पोस्टाने पाठवलं (रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झालंय), आणि त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवर. खेड्यातल्या पक्षकारांना पत्रापेक्षा फोन आधी करावा. पत्र पोचलं की लोक घाबरतात, त्यांना वाटतं केस हरली. पोस्टेज, झेरॉक्स, नवीन फायली, लेबलं असा खर्च चिल्लर चिल्लर करत बराच साठतो. तो फर्मच्या खात्यातून केला आणि वेगळ्या वहीत लिहिला, कारण पुढे हिशोबात त्याचा प्रश्न आला.

फी बाकी आहे म्हणून फाईल अडवायची नाही. वकिलाचा फायलीवर तसा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात सांगून टाकलंय. उलट आगाऊ घेतलेली फी आणि न झालेलं काम असेल तर परतीचा हिशोब आपणच काढून द्यावा.

मूळ कागदांचं काम सगळ्यात नाजूक. खरेदीखतं, जुने सातबारा, कोरे चेक, बँकेच्या पॅनेलवरून सर्च रिपोर्टसाठी आलेले दस्त, बंद पाकिटातली मृत्युपत्रं. कपाट उघडताना नेहमी दोघं असावीत, एक फर्मचा आणि एक घरचा. घरच्यांनी मोजणीला साक्षीला बसावं, पण फायलीतले कागद वाचू नयेत. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं गुपितच राहतं आणि ते बंधन ऑफिसच्या नोकरांवरही आहे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये ते आलंय. अण्णांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, हे समजावायची गरजच पडली नाही. त्या म्हणाल्या, ‘यांनी चाळीस वर्षं घरी एक केस सांगितली नाही, आता मी कशाला वाचू?’ प्रत्येक मूळ दस्ताची यादी दोन प्रतींत, देताना सही आणि आधारची झेरॉक्स. मृत्युपत्र ज्याने केलं त्याच्याच हातात द्यायचं, मुलगा कितीही ‘बाबांनी पाठवलंय’ म्हणाला तरी.

फायली चाळताना त्यांच्या कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या नोंदी सापडायच्या. ‘साक्षीदार मोठ्याने विचारलं की गडबडतो. हळू.’ ‘नकाशा उलटा जोडलाय, उत्तर खाली.’ एका वाटपाच्या दाव्यावर: ‘दोघे भाऊ अजून एकाच चुलीवर जेवतात. तडजोड होईल. घाई नको.’ त्या दाव्यात नंतर खरंच तडजोड झाली. या नोंदी वकिलाचं स्वतःचं टिपण आहे, पक्षकाराचा कागद नाही. फाईल दुसऱ्या वकिलाकडे जाताना त्या द्यायच्या की नाही यावर आमच्यात वाद झाला. शेवटी कामाच्या उपयोगाच्या नोंदी टाईप करून फायलीत ठेवल्या आणि कव्हर आमच्याकडे राहिलं.

ही आवराआवर पावसाळ्यात चालली होती, म्हणून सांगलीकरांसाठी एक सूचना. मोजणीसाठी काढलेले गठ्ठे जमिनीवर ठेवू नका. २०१९ च्या महापुरात आमचे खालचे दोन कप्पे भिजले होते, त्यानंतर अण्णांनी सगळे रॅक दोन विटांवर चढवून घेतले. आयर्विन पुलाजवळचं पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की गठ्ठे वर चढवायचे, पंचेचाळीसच्या धोका पातळीची वाट बघायची नाही.

ऑगस्टमध्ये आणखी एक बदल झाला. १८ ऑगस्टपासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं तिकडे आली. अण्णांनी मुंबईत ज्या वकिलांकडे अपिलं दिली होती, त्यातले काही कोल्हापूरला येणार, काही नाही. प्रत्येक प्रलंबित अपिलात तिथलं वकीलपत्र कोणाचं आहे हे बघून पक्षकाराला दुसरा फोन करावा लागला. हायकोर्टातलं वकीलपत्र मुंबईच्या वकिलांच्या नावाने असल्याने अण्णांच्या जाण्याने ते संपलं नव्हतं, पण सूचना द्यायला मध्ये कोणीच उरलं नव्हतं. हा दुवा तुटला की अपील नुसतं पडून राहतं.

पैशांकडे आम्ही मुद्दाम उशिरा वळलो, घरच्यांना तेवढा वेळ देऊन. भागीदारी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आमच्या डीडमध्ये (भागीदारीच्या करारात) ‘उरलेल्यांनी पुढे चालवावी’ हे कलम होतं म्हणून निभावलं. भागीदार दोघंच असतील तर असं कलम असूनही उपयोग नाही, एकट्याची भागीदारी होत नाही. मृत्यूच्या तारखेपर्यंतचा ताळेबंद काढायचा, त्यांचा हिस्सा ठरवायचा. तो द्यायला वेळ लागला तर कलम ३७ प्रमाणे वारसांना निवड असते: त्यांच्या पैशांवर झालेल्या नफ्यातला वाटा किंवा वर्षाला सहा टक्के व्याज. हे वारसांना आपण होऊन सांगावं, त्यांनी कायदा शोधत बसू नये. बँकेने पुरवणी डीड, दाखला आणि नवे नमुना सह्यांचे फॉर्म घेऊन खातं चालू करून द्यायला बरेच आठवडे लावले. एकदा शिक्का धूसर म्हणून कागद परत आले. तेवढ्यापुरता भाडं आणि पगारांसाठी पैसा दुसरीकडे हवा.

आयकराची दोन रिटर्न लागली, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. एक मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचं, दुसरं १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं. दोन्हींसाठी पोर्टलवर आधी वारस म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते. तिला मंजुरी यायला वेळ जातो. त्या वर्षी पहिल्या रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाढली म्हणून धावपळ वाचली. गेल्यानंतर कुणी जुनी फी आणून दिली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. तेव्हा ती काकूंच्या खात्यात जमा झाली की कुठल्या कामाची हे लिहून ठेवायचं. कंपन्या आणि बँका फीमधून दहा टक्के टीडीएस कापतात, तो २६एएस मध्ये (कापलेल्या कराच्या तक्त्यात) बघून परतावा म्हणून मागता येतो.

बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला मृत्यू कळवताना सनदेची प्रत, दाखला आणि स्थानिक बारचं पत्र जोडलं. महाराष्ट्रात वकील कल्याण निधीचा १९८१ चा स्वतंत्र कायदा आहे. गेलेले वकील निधीचे सभासद असतील तर नॉमिनीला रक्कम मिळते. नुसती सनद असणं म्हणजे सभासद असणं नव्हे, हा घोळ बऱ्याच घरी होतो. सभासदत्वाची पावती जुन्या कागदांत शोधावी. अण्णांच्या अर्जात नॉमिनी म्हणून त्यांच्या आईंचं नाव होतं, त्या कधीच गेलेल्या. मग वारस ठरवण्याचे कागद वाढले. तुमचं नॉमिनेशन लग्नाआधीचं असेल तर आजच काढून बघा.

दिवाळीपर्यंत चालू कामांच्या बहुतेक फायलींना धनी मिळाला. काही आमच्याकडे राहिल्या, काही इतर वकिलांकडे गेल्या. निकाली फायलींचा मात्र एक ढीग उरला आहे. त्यात मूळ दस्त असलेल्या फायली वेगळ्या काढून त्यांची गाववार यादी केली आहे. पत्ते बदललेले, फोन बंद, काही पक्षकारच हयात नाहीत. तिथे तलाठ्याकडे सातबाऱ्यावर आता कुणाचं नाव लागलंय ते बघायचं, त्या नावाला पत्र पाठवायचं आणि वारसाची ओळख पटवून पोच घेऊन कागद द्यायचा. शिराळा आणि जत तालुक्याची यादी अजून बाकी आहे. तिकडचं काम बाजारच्या दिवशी गेलं तर लवकर होतं, कारण त्या दिवशी गावातला कोणी ना कोणी भेटतोच.